धूळपाटी आणि पॉलिशपेपर

मराठीत ‘गिरवणे’ हे एक जुने क्रियापद आहे. कोणा समितीने बसून ते घडवलेले नाही. दुसऱ्याने काढलेल्या अक्षरावरून आपले बोट, काडी किंवा लेखणी पुन्हापुन्हा फिरवायची, आणि ते वळण हाताच्या अंगात मुरेपर्यंत फिरवायची, एवढा सगळा अर्थ त्या एका शब्दात आहे. डोळ्यांनी अक्षर पाहणे निराळे आणि हाताने ते गिरवणे निराळे, हा भेद आमच्या लोकांना केव्हाच कळलेला होता. लहान मुलांना वाचायला कसे शिकवावे याविषयी गेल्या पाचशे वर्षांत युरोपात जो खल झाला, त्याचे एक टोक या शब्दापाशी येऊन पोचते. त्या खलाची हकीकत आपल्यापुढे मांडावी असे मनात आहे.

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला कामगार चळवळीवर बोलावे असे सुचवले होते. मी हा विषय मागून घेतला. युनियनच्या माणसाचा आणि बालशिक्षणाचा काय संबंध, अशी शंका काहींच्या मनात येईल. तो संबंध पुढे आपोआप दिसेल. मी स्वतः आठवीनंतर शाळा सोडून कारखान्यात लागलो. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, निवाड्यांचे कागद वाचता वाचता आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. म्हणून ‘वाचता येणे’ या गोष्टीकडे मी जन्मजात हक्क म्हणून पाहत नाही. कमावलेली वस्तू म्हणून पाहतो, आणि कमावलेल्या वस्तूचा हिशेब माणूस जास्त बारकाईने ठेवतो.

जुन्या पंतोजींच्या शाळेपासून सुरुवात करू. तेथे मुलाच्या हाती पहिल्या दिवशी पुस्तक पडत नसे. पडे ती धूळपाटी. लाकडाची फळी, तिच्यावर बारीक धूळ किंवा रंगीत भुकटी पसरलेली, आणि तीवर काडीने किंवा बोटाने काढलेली धुळाक्षरे. चुकले तर हाताने पुसायचे, फळी हलवायची, की पाटी पुन्हा कोरी. कागद महाग, दौत-लेखणी त्याहून जोखमीची. धूळ मात्र फुकट. गरिबीतून निघालेली ही सोय होती, पण तिच्यात एक गुण आपसूक आला. वाचणे आणि लिहिणे एकदमच सुरू होई, आणि अक्षराची पहिली ओळख बोटाला होई. ‘श्रीगणेशा’, ‘ओनामा’ हे शब्द आज आपण कोणत्याही कामाच्या आरंभाला वापरतो. ते त्या पहिल्या धड्यातले आहेत.

या शाळांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तेथे छडी होती, घोकंपट्टी होती, आणि गावातल्या बहुतेक जातींच्या मुलांना व जवळजवळ सर्व मुलींना तेथे जागाच नव्हती. धूळ फुकट होती. शाळेचा उंबरठा फुकट नव्हता.

याच धूळपाटीसारखी एक वस्तू अठराव्या शतकाच्या अखेरीस एका इंग्रज कंपनीच्या चाकराच्या नजरेस पडली. अँड्र्यू बेल हा स्कॉटलंडचा पाद्री १७८७ मध्ये हिंदुस्थानात आला, आणि १७८९ मध्ये मद्रास येथील लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमाचा प्रमुख झाला. तेथे गोऱ्या शिपायांची, देशी स्त्रियांच्या पोटी झालेली मुले होती. शिक्षक आळशी आणि मुले मागासलेली, अशी त्याची तक्रार होती. एकदा त्याने एका देशी शाळेत मुलांना जमिनीवरच्या वाळूत बोटाने अक्षरे काढताना पाहिले. आपल्या शाळेत त्याने तीच रीत लावायला सांगितली. शिक्षकांनी मनावर घेतले नाही. तेव्हा त्याने एका साध्या शिपायाच्या आठ वर्षांच्या पोराला हाताशी धरले आणि धाकट्या मुलांना वाळूत अक्षरे शिकवण्याचे काम त्याच्यावर सोपवले. पोराने ते करून दाखवले. १७९७ मध्ये बेलने लंडनला या प्रयोगाचे पुस्तक छापले. पुढे ‘मद्रास पद्धत’ या नावाने, आणि जोसेफ लँकेस्टरच्या मिळत्याजुळत्या पद्धतीबरोबर, ती इंग्लंडभर पसरली.

पण इंग्लंडने त्यातून उचलले काय? वाळूची पाटी थोडी उचलली. लँकेस्टरच्याही शाळेत सर्वात लहान मुले वाळूतच अक्षरे काढीत. मुख्यतः उचलली ती काटकसर. एक शिक्षक, आणि त्याच्या हाताखाली मोठी मुले धाकट्यांना शिकवणार, म्हणजे शेकडो मुलांची शाळा एका पगारात. गिरण्यांचा तो काळ होता, आणि या पद्धतीच्या चाहत्यांनी कारखान्यातल्या श्रमविभागणीशी तिची उघड तुलना केली. पगार वाचवणाऱ्या युक्तीला नेहमी ‘पद्धत’ असे भारदस्त नाव मिळते, हे आम्हा युनियनवाल्यांना नवे नाही. गंमत अशी की, १८२० च्या दशकात मुंबई इलाख्यात सरकारी आश्रयाने देशी शाळा निघू लागल्या, तेव्हा हीच लँकेस्टर पद्धत विलायती शिक्का घेऊन आमच्याकडे परत आली.

आता प्रश्नाची दुसरी बाजू. बोटाने अक्षर काढले, पण तोंडाने काय म्हणायचे? मराठी माणसाला हा प्रश्न विचित्र वाटेल. ‘क’ काढला की ‘क’ म्हणायचे. अक्षराचे नाव आणि अक्षराचा आवाज आपल्याकडे एकच. क, म, ळ ही तीन अक्षरे ओळीने म्हणा, ‘कमळ’ तयार. युरोपात तसे नाही. इंग्रज मूल मांजराचा शब्द वाचताना ‘सी, ए, टी’ अशी तीन नावे घेते, आणि त्या तीन नावांतून ‘कॅट’ कसे निघाले हे त्याला कधीच कळत नाही. पाठ म्हणून ते पत्करते. शेकडो वर्षे युरोपातली मुले अशीच शिकली. आधी सर्व अक्षरांची नावे पाठ, मग निरर्थक जोड्या पाठ, मग शब्द, आणि प्रत्येक पायरीवर छडी.

या रीतीविरुद्ध लेखणी उचलणाऱ्या पहिल्या लोकांत व्हॅलेंटिन इकेलझामर हा जर्मन शिक्षक होता. १५२७ मध्ये त्याने लवकर वाचायला शिकण्याची खरी रीत सांगणारे एक छोटे पुस्तक छापले. त्याचे म्हणणे असे की, अक्षराचे नाव विसरा. तो आवाज काढताना ओठ, जीभ, दात काय करतात ते पाहा, बोललेला शब्द कानाने सुटासुटा करा, मग त्या तुकड्यांना खुणा लावा. आज ज्याला इंग्रजीत ‘फोनिक्स’ म्हणतात आणि शहरातल्या शिकवण्यांच्या पाट्यांवर जे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, त्याचे मूळ या साध्या सूचनेत आहे. हा इकेलझामर १५२५ च्या जर्मन शेतकरी बंडाच्या धामधुमीत रोथेनबुर्ग गावी शिक्षक होता आणि त्याचा ओढा बंडखोरांकडे होता. लाकूडतोड्याला लाकूड तोडताना, गुराख्याला रानात, प्रत्येकाला आपापले काम करता करता वाचायला शिकता येईल, असा त्याचा दावा होता. शाळेच्या बाकावर बसण्याची फुरसत ज्याला नाही त्याच्यासाठी सोपी रीत हवी, या गरजेतून त्याचा विचार निघाला. शिक्षणाच्या इतिहासाच्या जाड ग्रंथांत त्याला चार ओळी मिळतात. माझ्या मते त्याला निदान एक प्रकरण मिळायला हवे होते.

आवाजाचा धागा असा जर्मनीत निघाला. स्पर्शाचा धागा फ्रान्समध्ये निघाला, आणि तोही उपेक्षित मुलांच्या निमित्ताने. १८०० मध्ये आव्हेरोंच्या जंगलात सापडलेला, माणसाची भाषा नसलेला एक मुलगा पॅरिसला आणण्यात आला. झां इतार या तरुण डॉक्टराने त्याला शिकवण्यासाठी सुटी अक्षरे करून घेतली. तो मुलगा ती अक्षरे जुळवून दुधाचा शब्द मांडू शकला, बोलायला मात्र फारसा शिकला नाही. इताराचा शिष्य एदुआर सेगॅं याने हेच काम मंदबुद्धी म्हणून टाकून दिलेल्या मुलांत पुढे नेले. डोळ्याच्या आधी हात शिकतो, असा त्याच्या कामाचा आशय. तो तरुणपणी सां-सिमोंच्या समाजवादी अनुयायांत वावरलेला होता. १८४८ च्या क्रांतीनंतर फ्रान्स सोडून अमेरिकेला गेला. त्याची पुस्तके जवळजवळ विस्मरणात गेली.

ती पुस्तके शोधून काढून, स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून घेणारी बाई म्हणजे मारिया माँटेसरी. जन्म ३१ ऑगस्ट १८७०, रोमच्या विद्यापीठाची वैद्यकीची पदवी १८९६. पदवी मिळाली त्याच वर्षी बर्लिनला भरलेल्या स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ती इटलीची प्रतिनिधी म्हणून गेली आणि तेथे तिने स्त्री कामगारांना पुरुषांइतकीच मजुरी मिळावी अशी मागणी केली. माँटेसरीचे नाव घेऊन ज्या महागड्या शाळा चालतात, त्यांच्या माहितीपुस्तकांत हा प्रसंग छापलेला मी अजून पाहिला नाही.

आणि आता सान लोरेंझो. येथे मला जरा थांबायचे आहे.

रोम शहराच्या जुन्या तटाबाहेर, रेल्वेचे रूळ आणि वेरानोची मोठी दफनभूमी यांच्या मध्ये ही वस्ती आहे. १८८४ ते १८८८ या काळात रोममध्ये घरबांधणीचा सट्टा चालला होता. त्या तेजीत येथे पाचपाच मजली इमारती उभ्या राहिल्या आणि तेजी फुटताच त्या अर्धवट सोडून देण्यात आल्या. त्यांत गवंडी, रेल्वेचे मजूर, बेकार लोक शिरले. एका खोलीत अनेक कुटुंबे, पोटभाडेकरूंचे पोटभाडेकरू, पाणी नाही, उजेड नाही. मुंबईची चाळ ज्याने पाहिली आहे त्याला जास्त वर्णन नको. पुढे स्थावर मालमत्तेच्या एका कंपनीने यातल्या पन्नासाहून अधिक इमारती घेतल्या आणि दुरुस्त करून कामगार कुटुंबांना भाड्याने दिल्या. एदुआर्दो तालामो नावाचे इंजिनिअर तिचे प्रमुख होते.

आता मालकाचा हिशेब पाहा. आईबाप दोघेही दिवसभर कामावर. शाळेचे वय न झालेली पोरे जिन्यांत हुंदडत, भिंती खरवडत, नव्या रंगाची वाट लावत. दरवर्षी डागडुजीला जो पैसा लागे, तोच पैसा या पोरांना एका खोलीत सांभाळायला दिला तर भिंती वाचतील, असे कंपनीला वाटले. माँटेसरीने ही गोष्ट झाकून ठेवली नाही. इमारतीच्या निगेत जी बचत होईल तीतूनच खर्च निघतो, हे तिने उद्घाटनाच्या भाषणातही अभिमानाने सांगितले आहे. वस्तीच्या नियमांत असेही होते की, मूल स्वच्छ धाडले नाही, आईने बाईंचा मान ठेवला नाही, तर मुलाला काढून टाकण्यात येईल. तेव्हा जगभर गाजलेली ही पहिली ‘बालगृह’ शाळा मालकाच्या भिंतींच्या रक्षणासाठी निघाली. यात मला नवल वाटत नाही. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले, तेव्हा काही मालकांनी स्त्रियांचा आकडा पन्नासाच्या आतच ठेवण्याची दक्षता घेतली. रोमच्या त्या कंपनीचा हिशेब त्यापेक्षा पुष्कळच बरा म्हणायचा.

६ जानेवारी १९०७ रोजी व्हिया देई मार्सी या रस्त्यावर ५८ क्रमांकाच्या इमारतीत शाळा उघडली. तीन ते सहा-सात वर्षांची पन्नासेक मुले. शिकवायला पदवीधर शिक्षिका नव्हती. इमारतीच्या दाराशी बसणाऱ्या बाईची मुलगी नेमली होती. माँटेसरीचा बेत त्यांना वाचायला शिकवण्याचा नव्हता. सहा वर्षांआधी अक्षरांच्या भानगडीत पडू नये, असाच त्या काळच्या शहाण्यांप्रमाणे तिचाही समज होता. मुले ठोकळे रचत, बटणे लावत, खरखरीत आणि गुळगुळीत पृष्ठभाग डोळे मिटून ओळखत.

बेत बदलला तो आयांनी. वस्तीतल्या दोनतीन आया तिच्याकडे आल्या आणि आमच्या मुलांना लिहायवाचायला शिकवा म्हणून गळ घालू लागल्या. त्या स्वतः निरक्षर होत्या. ठोकळे आणि बटणे त्यांना पुरेशी वाटली नाहीत. शिक्षणशास्त्रातल्या इतक्या मोठ्या शोधाची मागणी तज्ज्ञांकडून आली नाही, भाडेकरू बायकांकडून आली, ही गोष्ट माझ्यासारख्या माणसाला फार मोलाची वाटते.

मंदबुद्धी मुलांसाठी पूर्वी माँटेसरीने लाकडी अक्षरांचा सुरेख संच करून घेतला होता. स्वर लाल, व्यंजने निळी. तसा संच येथे परवडेना, आणि करून देणाराही मिळेना. तेव्हा तिने आणि शिक्षिकेने पुठ्ठ्याची अक्षरे कापली, आणि पॉलिशपेपरची अक्षरे कापून गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटवली. सुतार लाकूड घासायला वापरतो तोच कागद. आणि मग तिच्या ध्यानात आले की, महागड्या लाकडी अक्षरांपेक्षा हीच जास्त कामाची आहेत. मुलाचे बोट अक्षराच्या वाटेवरून सरकते तोवर खरखर लागते. वाट सोडली की बोट घसरते. चूक दाखवायला बाई नको, छडी नको. बोटच सांगते.

शिकवण्याची रीत अशी. अक्षराचे नाव सांगायचे नाही, फक्त आवाज. दोनच अक्षरे घ्यायची. बाई तर्जनी आणि मधले बोट फिरवून आवाज काढणार, मूल तसेच करणार. मग बाई विचारणार, ‘अमका आवाज कोणता, दाखव’. मूल बरोबर दाखवू लागले की शेवटी अक्षरावर बोट ठेवून, ‘हा कोणता?’ न आले तर रागवायचे नाही, आज वेळ नव्हती असे समजायचे. अशी थोडी अक्षरे झाली की सुट्या पुठ्ठ्याच्या अक्षरांची पेटी पुढे ठेवायची. मूल एक शब्द तोंडाने हळू म्हणते, त्याचे आवाज सुटे करते, आणि एकेक अक्षर उचलून सतरंजीवर मांडते. अजून त्याला वाचता येत नाही, पेन्सिल धरता येत नाही, पण शब्द रचता येतो. आपला बीडीचा किंवा विणकामाचा कारागीर कामाचे जसे सुटे भाग करतो आणि एकेक भाग शिकतो, तसाच हा प्रकार. पेन्सिल चालवण्याचा सराव निराळा चालूच असे: धातूच्या आकृत्यांच्या कडेने रेघ मारायची आणि आत रंग भरायचा.

डिसेंबर महिन्यात एका उन्हाच्या दिवशी माँटेसरी मुलांना घेऊन इमारतीच्या गच्चीवर बसली होती. पाच वर्षांच्या एका मुलाला तिने खडू देऊन समोरच्या धुराड्याचे चित्र काढायला सांगितले. त्याने ते काढले, आणि मग एकाएकी आपल्याला लिहिता येते असे ओरडत फरशीवर वाकून ‘हात’, ‘धुराडे’, ‘छप्पर’ हे इटालियन शब्द लिहून काढले. बाकीची मुले खडू मागू लागली. त्यानंतर काही दिवस मुले जेथे सापडेल तेथे लिहीत सुटली. फरशीवर, दारावर, घरी पावाच्याही पाठीवर. आयांनी घर वाचवण्यासाठी त्यांना कागद-पेन्सिली आणून दिल्या. भिंती वाचवण्यासाठी काढलेल्या शाळेचा हा परिणाम झाला!

वाचन मात्र लिहिण्यानंतर आले. माँटेसरीने चिठ्ठ्यांवर खेळण्यांची नावे लिहिली. चिठ्ठी बरोबर वाचेल त्याला ते खेळणे खेळायला मिळेल, असा करार. मुलांनी चिठ्ठ्या वाचल्या, खेळणी नाकारली, आणि आणखी चिठ्ठ्या मागितल्या.

पुढचा इतिहास जगजाहीर आहे. त्यातली एकच गोष्ट सांगतो, कारण ती क्वचित सांगितली जाते. ऑक्टोबर १९०८ मध्ये मिलान शहरातल्या ‘सोचिएता उमानितारिया’ या कामगारहिताच्या संस्थेने आपल्या कामगार वसाहतीत असेच बालगृह उघडले आणि त्यासाठी लागणारी साधने स्वतःच्या कारखान्यात करायला घेतली. कामगारांच्या वस्तीत जन्मलेली पद्धत कामगारांच्याच संस्थेने उचलून धरली होती. नंतर ती श्रीमंतांकडे गेली, आणि १९२४ पासून काही वर्षे मुसोलिनीच्याही आश्रयाखाली राहिली. तो आश्रय माँटेसरीने घेतला, ही तिच्या चरित्रातली बाजू मला पचत नाही. १९३४ मध्ये संबंध तुटले आणि तिने इटली सोडली. सान लोरेंझोवर १९ जुलै १९४३ रोजी दोस्त राष्ट्रांचे बाँब पडले.

माँटेसरीच्या यशाला एक गोष्ट अनुकूल होती, तीही नोंदली पाहिजे. इटालियन जशी लिहावी तशी बोलली जाते. इंग्रजीत तसे नाही, म्हणून तेथे आवाजाने शिकवावे की अख्खा शब्द डोळ्याने ओळखायला लावावे, हे भांडण विसाव्या शतकभर चालले. २००० मध्ये अमेरिकेतल्या आणि २००६ मध्ये इंग्लंडातल्या सरकारी अहवालांनी पद्धतशीर आवाजांच्या बाजूने कौल दिला. २००४ मध्ये फ्रान्सच्या संशोधकांनी बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग करून दाखवले की, अक्षर पाहण्याबरोबर बोटाने चाचपले तर अक्षर-आवाजाचे नाते मुलाला जास्त चांगले कळते. धूळपाटीला शंभर नंबरी दाखला मिळाला म्हणायचा.

मग मराठीत सगळे सोपे का? नाही. आमची अडचण निराळ्या जागी आहे. ‘कि’ म्हणताना आधी ‘क्’ आणि मग ‘इ’, पण लिहिताना वेलांटी आधी बसते. ‘अर्क’ म्हणताना ‘र’ आधी येतो, पण रफार जाऊन बसतो शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च निराळा. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, लिहिणे एक, बोलणे दोन. बाराखडी नुसती घोकून यातले काही उलगडत नाही. आमच्या युनियनच्या संध्याकाळच्या वर्गात बीडी वळणाऱ्या एक मावशी येत. फळ्यावरचा ‘ट’ आणि ‘ढ’ त्यांना काही केल्या वेगळे ओळखू येईनात. शेवटी त्यांनी स्वतःच तोड काढली: फळ्यावरचे अक्षर त्या आधी आपल्या तळहातावर बोटाने काढीत आणि मग सांगत. तळहात कधी चुकला नाही. ज्या बोटांनी त्या दिवसभर पान वळत, त्या बोटांची स्मरणशक्ती डोळ्यांहून पक्की होती.

आपल्याकडे ही पद्धत आली ती भावनगरच्या वाटेने. गिजुभाई बधेका हे वकिली सोडून मुलांत रमलेले गृहस्थ. त्यांनी १९२० मध्ये तेथे बालमंदिर काढले. त्यांच्याबरोबर काम केले ताराबाई मोडकांनी. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढले. स्वतः माँटेसरी १९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या आमंत्रणावरून मद्रासजवळ अड्यारला आल्या, आणि महायुद्धामुळे येथेच अडकल्या. इटली शत्रुराष्ट्र ठरताच १९४० मध्ये त्यांच्या मुलाला, मारिओला, इंग्रज सरकारने अहमदनगरच्या छावणीत ठेवले, आणि त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला त्याची सुटका केली. बेलने ज्या मद्रासेत वाळूतली अक्षरे पाहिली, त्याच मद्रासेत दीडशे वर्षांनी पॉलिशपेपरची अक्षरे शिकवण्याचे वर्ग भरले, हा योगायोग मला मोठा मौजेचा वाटतो.

ताराबाईंचे खरे मोठेपण दादरमध्ये नाही, बोर्डीत आहे. १९४५ मध्ये त्यांनी तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. अनुताई बालविधवा, तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, पुढचे सारे शिक्षण जिद्दीने केलेले. त्याच वर्षी, ठाणे जिल्ह्याच्या त्याच पट्ट्यात, मे महिन्यात झरी गावी वारली आदिवासींची परिषद भरली आणि गोदावरी व शामराव परुळेकरांच्या पुढारपणाखाली वेठबिगारीविरुद्ध लढा उभा राहिला. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवणाऱ्यांचा तो मुलूख होता. अक्षराची किंमत काय असते, हे तेथल्या माणसाला त्याच्या गेलेल्या जमिनीवरून कळलेले होते.

बोर्डीत विलायती साधनांची पेटी परवडणारी नव्हती, आणि मुलांना ती आपलीही वाटली नसती. म्हणून शिंपले, बिया, पाने, माती, बांबू यांतून साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, तर बालवाडीच पाड्यावर, त्यांच्या घराच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द येथला. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. इकेलझामरचा रानातला गुराखी चारशे तीस वर्षांनी डहाणू तालुक्यात सापडला! ताराबाई १९७३ मध्ये वारल्या, ३१ ऑगस्टला, माँटेसरीच्या जन्मदिवशी. अनुताई १९९२ पर्यंत काम करीत राहिल्या.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू केली आणि तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हे नाव दिले. नाव घेतले, पण त्यामागचे काम आहाराच्या आणि वजनाच्या नोंदींखाली पुष्कळसे दबले. आहार नको असे मी म्हणणार नाही. उपाशी मुलाच्या बोटाला अक्षराची खरखर लागत नाही. पण एकाच बाईने गरोदर स्त्रियांची यादी करायची, लसीकरणाला माणसे जमवायची, खिचडी वाटायची, मोबाईलवर माहिती भरायची, आणि उरल्या वेळात तीन वर्षांच्या मुलांना दोनदोन अक्षरांचे धडे द्यायचे, हे कोणत्या हिशेबात बसते? या बाईला पगार मिळत नाही. सरकारी भाषेत तिला ‘मानधन’ मिळते, म्हणजे ती नोकर नाही, सेविका आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू असल्याचा निकाल दिला. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी मानधनवाढीसाठी, ग्रॅच्युइटीसाठी आणि पेन्शनसाठी संप केला. तो जानेवारी २०२४ च्या अखेरीपर्यंत चालला. बर्लिनमध्ये १८९६ साली स्त्रियांच्या मजुरीवर झालेल्या त्या भाषणाला तेव्हा एकशे सत्तावीस वर्षे झाली होती.